नोंदवहीत माडिया आहे का?

लेकराची तक्रार कशी घ्यावी, हे आपल्या कायद्यात वाचलं की ऊर भरून येतो. लैंगिक अत्याचारांपासून बालकांना जपणारा पॉक्सो कायदा, 2012. जबाब लेकराच्या घरी घ्या, नाहीतर ते म्हणेल तिथं. होता होईल तो महिला फौजदारानेच घ्या. अंगावर गणवेश नको. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवा. समितीने सपोर्ट पर्सन द्यावा; तपासापासून निकालापर्यंत तो लेकराच्या सोबत राहील.

आता हा कायदा पिशवीत घाला आणि एटापल्लीच्या एसटीत बसा.

समिती जिल्ह्याच्या ठिकाणी गडचिरोलीला, सव्वाशे किलोमीटरच्याही पुढं. गावाजवळचं पोलीस मदत केंद्र म्हणजे काटेरी तारा, वाळूची पोती, बंदूकधारी जवान. ठाण्याची भीती या मुलखात आजची नाही. याच जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं, देश पेटला आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

समजा, गट्ट्याकडची दहा वर्षांची पोर समोर बसली आहे. तिला येते माडिया, साहेबांना येते मराठी. ‘काय झालं ते नीट सांग’ म्हटलं की ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरते. कागदावर उतरतं: ‘पीडिता माहिती देत नाही.’

कायद्यात दुभाषाही आहे म्हणा. पण ऐनवेळी हाताशी कोण? आश्रमशाळेचा अधीक्षक! आणि तक्रार त्याच आश्रमशाळेची निघाली तर? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण 2019 मध्ये उघडकीस आलं, तेव्हा अटक अधीक्षकालाच झाली होती.

मुंबईच्या कुशीतलं बदलापूर तरी कुठं वेगळं? ऑगस्ट 2024 मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या चिमुरड्यांचे आईबाप तक्रारीसाठी तासन्‌तास ताटकळले. लोक रुळावर उतरले, तेव्हा यंत्रणेला जाग आली. जबाबासाठी घरी का गेला नाहीत, असं उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावलं. एटापल्लीकरांची पंचाईत अशी की इथं रूळच नाहीत. सूरजागडच्या खनिजाचे ट्रक तेवढे आहेत, पण ते कोणासाठी थांबत नाहीत.

माणसं मिळत नाहीत, ही सबब सांगू नका. गडचिरोली पोलिसांनीच ‘दादालोरा खिडकी’ उघडून सरकारी योजना आणि दाखले गावकऱ्यांपर्यंत नेले. दाखल्यासाठी खिडकी उघडते, तर लेकरासाठी दार का नाही?

2020 च्या पॉक्सो नियमांनुसार दुभाषे आणि सपोर्ट पर्सन यांची नोंदवही ठेवणं हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं काम. दुभाषाला पदवीची अट नाही, लेकराची बोली मातृभाषा असली आणि राज्याची भाषा कामापुरती येत असली तरी पुरे; मात्र त्याचे हितसंबंध गुंतलेले नसावेत. दुभाषाला काय, सपोर्ट पर्सनला काय, कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी मोबदला देता येत नाही. म्हणजे बारावी होऊन घरी बसलेल्या माडिया पोरींना प्रशिक्षण देऊन दुभाषाचं काम देता येईल.

तेव्हा जिल्हाधिकारी साहेब, भाषण राहू द्या. त्या नोंदवहीत एटापल्ली तालुक्यातल्या माडिया बोलणाऱ्या किती बाया आहेत, तो आकडा तहसील कार्यालयाच्या फलकावर लावा. शून्य असेल तर शून्य लावा. खाली तुमची सही मात्र हवी.