नामांतराचा जमाखर्च

ज्या समाजात ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने चार अक्षरे रेखून नवरीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नावाचा निकाल एका उखाण्याच्या अवधीत लावला जातो, आणि त्यासाठी मुद्रांक, साक्षीदार किंवा खुद्द तिची संमती यांपैकी कशाचीही आवश्यकता कुणास भासत नाही, त्या समाजात नामांतर महाग झाले आहे अशी तक्रार करणे वरवर पाहता कृतघ्नपणाचे ठरेल. खर्चाचा प्रश्न उद्भवतो, तो माणसाला आपले नाव आपल्याच इच्छेने बदलावेसे वाटले म्हणजे.

पूर्वी दौलतीचे दप्तर या बाबतीत अधिक उदार होते. जो इसम फडावर हिशेब राखी तो फडणीस, जो पत्रव्यवहार पाही तो चिटणीस, जो खजिना सांभाळी तो पोतनीस. नावाचे नाव मिळे आणि वर वेतनही मिळे. आता दप्तर नाव देत नाही, नावाचे शुल्क घेते. सर्वसाधारण शिरस्ता असा की, अर्जदाराने प्रथम प्रतिज्ञापत्र करावे, मग शासकीय मुद्रण संचालनालयाकडे अर्ज व शुल्क भरावे, आणि महाराष्ट्र शासन राजपत्राच्या दुसऱ्या भागात आपली जुनी व नवी नावे शेजारी शेजारी उभी राहिलेली पाहण्याचे भाग्य लाभेपर्यंत धीर धरावा. जो मुद्रांक पूर्वी १०० रुपयांत मिळे, त्याचा किमान दर ऑक्टोबर २०२४ मध्ये ५०० वर गेला. सरकारी दाखल्यांसाठी करावयाच्या प्रतिज्ञापत्रांस मुद्रांक माफ आहे खरा, परंतु कचेरीच्या दाराशी टंकयंत्र मांडून बसलेल्या विद्वानांस ही माफी मान्य नसते, आणि घाईत असलेल्या माणसास वाद परवडत नाही.

या राजपत्राचे एक वैशिष्ट्य रसिकांनी अवश्य पाहावे. नामांतराच्या या सूचना केवळ अर्जदाराच्या सांगण्यावरून, कागदपत्रांची पडताळणी न करता छापल्या असून त्यांच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही, असा खुलासा शासनच त्यात करते. आणि ज्याची जबाबदारी शासनाने नाकारली, तोच कागद पुढे शासनाच्या प्रत्येक खिडकीवर निर्णायक पुरावा म्हणून मागितला जातो. मायावादाचे इतके सुबोध विवरण आचार्यांच्या भाष्यांतही क्वचितच सापडेल.

राजपत्र हाती आले म्हणजे नाव बदलले, अशी ज्यांची समजूत असते त्यांचा भ्रमनिरास आधार केंद्राच्या रांगेत होतो. बँक, पॅन, शिधापत्रिका, मतदारयादी यांपैकी कुणीही राजपत्र आपण होऊन वाचीत नाही. प्रत्येकाला ते स्वतंत्रपणे नेऊन दाखवावे लागते, आणि ३६ पानी पारपत्र नव्याने काढावयाचे तर १५०० रुपये निराळे. सातबारावर मात्र पणजोबाच अढळपणे नांदत असतात. काही ठिकाणी वर्तमानपत्रातील जाहिरातही मागतात, आणि छोट्या जाहिरातीचा दर शब्दागणिक असल्यामुळे काटकसरी माणसाने नवे नाव आखूडच निवडावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहिण्याचा नियम राज्याने केला. निर्णय स्तुत्यच आहे, फक्त या पिढीला पुढे नामांतर सुचले, तर जाहिरातीला एक शब्द जास्त मोजावा लागेल.

आधारावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ साली बदलले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' ही भर पडली. म्हणजे हा नियम लावला असता, तर त्या वास्तूचा कोटा केव्हाच संपला असता. शहरांना व स्थानकांना ही अट नाही, प्रतिज्ञापत्र नाही, आणि पाट्या रंगविण्याचा खर्चही त्यांच्या खिशातून जात नाही. तो आपण सर्वजण वाटून घेतो. तरीही सामान्य माणसाला दिलासा देणारे एक उदाहरण आहे. मुंबई १९९५ साली मुंबई झाली, पण तिचे उच्च न्यायालय इंग्रजीत अद्याप 'बॉम्बे'च आहे. त्यासाठी २०१६ साली लोकसभेत विधेयक आले आणि मंजूर न होताच बाद झाले. प्रत्यक्ष न्यायासनाचे काम जेथे अडते, तेथे एखाद्या दगडूला सुहास होण्यास वर्षभर लागले, तर त्याने मन कष्टी करून घेऊ नये.

ज्यांस हा व्यवहार करावयाचाच आहे, त्यांनी दलालाच्या हाती नोटा ठेवण्यापूर्वी शासनाच्या संकेतस्थळावरील शुल्क स्वतः वाचावे, आणि अर्ज पाठविण्याआधी नव्या नावाचे मराठी व इंग्रजी हिज्जे घरातील सर्वांत भांडखोर व्यक्तीकडून तपासून घ्यावेत. कारण एकदा चूक छापली गेली की, दुरुस्तीसाठी पुन्हा पहिल्या खिडकीपाशी जावे लागते.