दाजी, जरा बाहेर बसता का?

माझा मेहुणा पुण्याच्या खडकीचा. हॉकीपटू धनराज पिल्लेही खडकीचाच. एवढ्या पुण्याईवर मेहुणा हॉकीबद्दल बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसावं, अशी त्याची अपेक्षा. मी बसत नाही. ज्यातलं काही कळत नाही त्यावरही ठाम मत देण्याचा हक्क मी बीडकर म्हणून सोडलेला नाही.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला भारताने हॉकीत स्पेनला २-१ हरवून कांस्यपदक घेतलं. त्यानंतर मेहुणा आमच्या बीडजवळच्या नारायणगडाच्या दर्शनाला आला, तो गाडीत स्टिका टाकूनच. गडाला धाकटी पंढरी म्हणतात, पण आमच्या तोंडी विठ्ठलाऐवजी सेंटर फॉरवर्ड. माझं म्हणणं सरळ होतं : फॉरवर्डचं मोल गोलात मोजा. गडावरच्या नगद नारायणाच्या दारात उधारीच्या गोष्टी कशाला?

"दाजी, मग पॅरिसमध्ये आपले सगळ्यात जास्त गोल कुणी केले?"

"कुणी म्हणजे? असेल एखादा फॉरवर्ड."

"हरमनप्रीतनं. १० गोल. आणि तो बचावपटू आहे."

मी घाईघाईने देवाला हात जोडले. पण मेहुणा गड उतरतानाही थांबेना. स्पेनवरचे दोन्ही गोल हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर मारले. पण कॉर्नर काय प्रसादासारखा वाटतात का? कुणीतरी चेंडू घेऊन गोलासमोरच्या डीत घुसतो, समोरच्याच्या पायाला तो लागतो, तेव्हा कुठे शिट्टी वाजते. धनराज भारताकडून ३३९ सामने खेळला. त्याच्या गोलांची धड अधिकृत नोंदसुद्धा नाही. "तुमच्या वहीत तर त्याच्या नावावर शून्यच लागेल!" १९९८ ला त्याच्या नेतृत्वाखाली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ३२ वर्षांनी सुवर्ण मिळालं आणि त्यानंतर त्यालाच संघाबाहेर बसवलं. हे ऐकून मला बरं वाटलं. फॉरवर्डची किंमत न कळणारा मी एकटाच नव्हतो.

पायथ्याच्या मुरमाड माळावर मग सामना ठरला. गोल दगडांचे, डी चपलांची. सेंटर फॉरवर्डची जागा मी वादविवादात आधीच जिंकली होती. कमरेवर हात ठेवून मी समोरच्यांच्या गोलापाशी उभा राहिलो आणि चेंडू पाठवा म्हणून ओरडू लागलो. मागे येऊन चेंडू घेणं मला कमीपणाचं वाटत होतं. समोरचे बचावपटू बांधावर बसून तंबाखू मळू शकले असते, एवढा त्यांना माझ्यापासून निवांतपणा होता.

अखेर एक चेंडू आला. मी जीव खाऊन मारला. दोन दगडांच्या बरोबर मधून गेला! मी दोन्ही हात वर केले.

"दाजी, डीच्या बाहेरून मारलेला गोल धरत नाहीत."

पुढचा चेंडू आत शिरून मारला, तर स्टिकची उलटी बाजू लागली. तोही फाऊल. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. मेहुणा जवळ आला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "दाजी, जरा बाहेर बसता का?"

माझ्या जागी त्याची शाळकरी पोरगी उतरली. तिनेही गोल केला नाही. पण ती बचावपटूंच्या पायात पायात घुसत राहिली, त्यांना धड चेंडू बाहेर काढता येईना, गडबडीत त्यांनी तो आमच्याच पोरांच्या हाती दिला. दोघांनी दोन गोल केले. बाहेर शेंगा फोडत मी हिशेब मांडला : माझे गोल शून्य, तिचेही शून्य. माझ्या पद्धतीने आम्ही दोघे तोडीस तोड. फरक एवढाच की मी आत असताना आमचा संघ हरत होता.

तेव्हा पुढचा सामना बघाल तेव्हा गोल करणाऱ्यावरून नजर जरा हलवा. फॉरवर्ड आत आला की चेंडू कुणाच्या अर्ध्यात राहतो, कॉर्नर कुणामुळे मिळतो, चेंडू गेल्यावर तो परत मिळवायला कोण धावतो, ते पाहा. कमरेवर हात ठेवून उभं राहणं विठोबाला शोभतं, सेंटर फॉरवर्डला नाही.