नानांचा टेक्सासचा नळ

परभणीत वसमत रोडच्या कुठल्याही कॉलनीत शिरा, एक नाना सापडतातच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, डोक्याला कानटोपी, हातात मोबाइल आणि मुलगा टेक्सासला. नोकरीभर जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाळ्या सांभाळल्या. आता डॅलसजवळच्या मुलाच्या घरातले नळ सांभाळतात. दौरा भत्ता तेवढा बंद झाला.

ही नेमणूक फेब्रुवारी २०२१ ची. तेव्हाच्या हिमवादळात डॅलसचा पारा उणे १९ ला टेकला, ७२ वर्षांत पडली नव्हती अशी थंडी पडली, आणि टेक्सासात लाखो घरांची लाइट गेली. मुलाच्या तोंडून ‘लोडशेडिंग’ शब्द ऐकला आणि नानांना अमेरिका प्रथमच घरची वाटली. “डीपी जळाली का फीडर गेला?” त्यांनी खुर्ची पुढं ओढत विचारलं.

पण तिकडं लाइट जाण्याचा अर्थ पंखा बंद एवढाच नाही. हीटर बंद, घर गार, आणि मग भिंतीतलं पाणी गोठतं. त्यातून टेक्सासची घरं उकाड्याच्या हिशेबानं बांधलेली. पाइप खुशाल माळ्यावरून नाहीतर बाहेरच्या भिंतीतून नेलेले.

तेव्हापासून डिसेंबरात मारुतीच्या पारावर नानांचे वर्ग भरतात. “बर्फ झालं की पाणी नऊ टक्के फुगतं. पण पाइप बहुतेक बर्फाच्या जागी फुटत नाही बरं का! बर्फ अन् बंद नळ, या दोघांच्या मधी पाणी कोंडतं. दाब चढतो, अन् तिथं फुटतं. बर्फ वितळलं की मग छतातून धबधबा!” परभणीच्याच कृषी विद्यापीठाकडं पारा पाच-सहावर आल्याची बातमी त्याच सकाळी छापून आलेली असते. मफलरीतले श्रोते शेकोटीत काटकी सरकवतात आणि माना डोलवतात.

“यावर विलाज?”

इथं नानांचा आवाज पडतो. कारण विलाज असा, की कडाक्याच्या रात्री नळ किंचित सोडून ठेवायचा. मुद्दाम. म्हणजे दाब निघून जातो. ज्या गावात नळाला आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा पाणी येतं, जिथं अर्ध्या रात्री पाण्याची वर्दी मिळाली की अख्खी गल्ली मोटारी लावायला पळते, त्या गावच्या माणसानं पोराला ‘नळ गळू दे’ म्हणायचं! वायसर बदलण्यात नानांची हयात गेली. शास्त्र पटतं, पण जीभ रेटत नाही.

खरी परीक्षा डिसेंबर २०२२ मध्ये झाली. मुलगा, सून, नातवंडं सुट्टीला परभणीत, टेक्सासचं घर कुलूपबंद, आणि तिकडं पुन्हा पारा उणे दहाच्या खाली. मुलगा निवांत. हीटर तेरा अंशांवर लावून आलोय, म्हणाला.

“रिकाम्या घराला तेरा? सोफ्याला थंडी वाजती का?” नाना स्वतः तेरा अंशाला दोन स्वेटर घालतात.

“तेवढं ठेवावंच लागतं, नाना. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवलीत, म्हणजे ऊब पाइपांपर्यंत जाते. बाहेरच्या नळांना टोप्या घातल्यात. अन् स्वयंपाकघरातला नळ थोडा...”

“थोडा काय?”

“सोडलाय.”

“म्हणजे घरात माणूस नाही अन् नळ गळायलाय? कामून? मेन व्हॉल्व्ह बंद कर अन् सगळे नळ उघडून पाइप रिकामे कर! आत पाणीच नसलं तर गोठंल काय?”

मुलगा गप्प झाला. चिडून इंटरनेटवर शोधलं, तर बंद घरासाठी तिकडचे जाणकारही तेच सांगत होते. नानांना मात्र यात शोध काहीच वाटला नाही. आपली परभणीची पाइपलाइन आठवडाभर कोरडीच असते. ध्रुवावर नेऊन टाकली तरी फुटायची नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे त्यांनी तेवढ्यात दोनदा म्हणून घेतलं.

“तुमच्या तिथल्या व्हॉल्व्हमनला फोन लाव.” तिकडं असा माणूस नसतो हे ऐकून अमेरिकेविषयीचा उरलासुरला आदर गेला. शेवटी किल्ली ठेवलेल्या मराठी शेजाऱ्याला व्हिडिओ कॉल लागला. परभणीत रात्रीचे साडेनऊ, तिकडं सकाळचे दहा. तो बिचारा हातमोजे घालून मीटरच्या खड्ड्यात वाकलेला, आणि नाना इकडून पाळी सोडल्यासारखे हुकूम देतायत: “उजवीकडं. अजून. आटे मोजा! आता वरच्या मजल्यावरचे नळ उघडा. गीझर बंद केला का?”

घर वाचलं. पारावर नानांचा भाव चढला. परवा एका निवृत्त मास्तरांनी आपला मुलगाही परदेशात, मस्कतला, असल्याचं हळूच सांगून पाहिलं.

“तिथं पाइप गोठतात?” नानांनी विचारलं.

“छे हो, तिथं कुठली थंडी!”

“मग कशाला एवढ्या लांब धाडलं, मास्तर? गंगाखेडलाच ठेवायचं की!”