आप्पांना विचारलं का?

आमच्याकडे मुलगी बघायला जाताना एखादा मामा राहिला तरी चालतो, पण जुनी पिकअप बघायला जाताना आप्पा राहिले तर सौदा अशुभ धरतात. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे कॅरेट न्यायला गाडी घ्यायची म्हटलं की भावकी, सोसायटीचा सचिव, स्टँडवरचा चहावाला, सगळे एकच विचारतात, "आप्पांना विचारलं का?" किंमत, मॉडेल आणि कर्ज या चौकश्या त्यानंतर.

खुद्द आप्पांच्या दारात उभ्या आयुष्यात चार चाकं लागली ती बैलगाडीची दोन आणि पोराच्या सायकलची दोन, अशी बेरीज करूनच. लायसन्स नाही. मेकॅनिकच्या हाताखालीही कधी राहिले नाहीत. पण पैरणीच्या खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, पेन्सिलीचा तुकडा, एक पेचकस आणि धुतलेला पांढरा रुमाल घेऊन ते निघाले, की भल्याभल्या दलालांचा चहा गार होतो. मानधन घेत नाहीत. आळेफाट्याला मिसळ घेतात, जादा तर्रीसकट. आणि शेवटचा शब्द त्यांचा.

गाडीवाल्याला अकराची वेळ द्यायची आणि सातला त्याच्या अंगणात उभं राहायचं, हा त्यांचा पहिला नियम. त्यामागे शास्त्र आहे. थकलेलं डिझेल इंजिन पहाटेच्या गारठ्यात पहिल्या सेल्फला उठत नाही. दोन-चार सेल्फ खातं, कुरकुरतं, मग धूर सोडत जागं होतं. हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तो एक चक्कर मारून गाडी तापवून ठेवतो. त्यामुळे आप्पा रामराम घालतात उजव्या हाताने, आणि डावा हात तेवढ्यात बॉनेटवर ठेवतात. पुतण्यासाठी ओतूरकडच्या एका मळ्यात आम्ही बोलेरो पिकअप बघायला गेलो, तर बॉनेट कोमट.

"सकाळी सकाळी कुठं?"

"डेअरीला दूध घालून आलो, आप्पा."

"पिकअप घेऊन?"

"हो."

"किती असतं दूध?"

"आठ लिटर."

आप्पा काही बोलले नाहीत. पावणेदोन टन उचलणाऱ्या गाडीकडे आणि मग गोठ्यातल्या एकुलत्या एक म्हशीकडे त्यांनी आदराने बघितलं, आणि "होऊ द्या गार, आम्हाला काय घाई नाही," म्हणत हौद्यात चढले.

हौदा ही आप्पांची खास जागा. आरसी बुक काहीही म्हणो, गाडीचा खरा इतिहास हौद्याच्या कोपऱ्यात असतो, असं त्यांचं मत आहे. खालची मॅट उचलायची, पेचकसाने कोपरा खरवडायचा, निघेल ते तळहातावर घेऊन आधी बघायचं आणि मग हुंगायचं. कांद्याचा पापुद्रा किंवा टोमॅटोचं बी निघालं तर शेतकऱ्याची गाडी: सीझनला मरेस्तोवर पळते, पण बाकीचे महिने शेडखाली असते. मासळीचं खवलं निघालं तर आप्पा लगेच खाली उतरतात, कारण बर्फाचं खारं पाणी चेसीसच्या सांध्यांत उतरतं आणि वरून कितीही रंग मारला तरी पत्रा आतून कुजत राहतो. वाळूचा कण निघाला तर मात्र ते चपलाच शोधायला लागतात. "वाळूची गाडी दिवसा झोपते न् रात्री पळते, ती पण लाईट बंद करून. मालक बदलला तरी खोड जात नाही. पुढं तलाठी दिसला की आपोआप वेग घेते."

आमच्या गाडीत टोमॅटोचं बी निघालं. पुतण्याचा चेहरा उजळला. पण आप्पांचं बोट अजून कोपऱ्यातच होतं, आणि ते बाहेर आलं तेव्हा गुलाबी झालेलं.

"डीजे?"

"गावची जत्रा होती. एकदाच दिली होती."

"कितव्या सालापासून एकदाच?"

मिरवणुकीतल्या गाडीचं दुखणं हौद्यात नसतं, क्लचमध्ये असतं, हे मला आप्पांमुळेच कळलं. वर साउंडच्या भिंती आणि जनरेटर, पुढे नाचणारी पोरं, आणि गाडी तासन्‌तास पहिल्या गिअरात अर्ध्या क्लचवर सरकतेय. प्लेट जळणार नाही तर काय होईल? म्हणून आप्पांनी पुतण्याला स्टिअरिंगवर बसवलं. हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक, थोडी रेस देऊन क्लच सोड. प्लेट धड असेल तर इंजिनाने गचका खाऊन बंद पडायला हवं. आमचं इंजिन बंद पडलं, पण जरा विचार करून. "घाबरू नको," आप्पा म्हणाले, "अजून एक गणपती निघेल."

मग रुमालाची पाळी. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढायचं आणि तोंडावर रुमाल धरायचा. थोडी वाफ चालते, पण आतून भकाभका धूर यायला लागला आणि रुमालावर तेलाचे शिंतोडे उठले, तर पिस्टनच्या रिंगा घासल्या, कंप्रेशन गेलं. आजवर कोणकोणत्या गाडीचं कंप्रेशन गेलेलं होतं, हे आमच्या काकूंना रुमाल धुताना कळतं, आणि त्या विहिरीवर जाहीरही करतात. विकणारे आप्पांपेक्षा काकूंना जास्त भितात. धुराच्या रंगावरून तर आप्पा पंचांग सांगितल्यासारखं सांगतात: काळा असेल तर पंप-नोझल, निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि गाडी तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी इंजिनात शिरतंय, हेड गॅसकेट बघा. आमचा धूर आधी पांढरट होता आणि मग दिसेनासा झाला. आप्पांना हे आवडलं नाही. दोष न सापडणं हा त्यांना गाडीचा डाव वाटतो.

त्यांनी मोर्चा मीटरकडे वळवला. मीटर दाखवत होतं ६८,००० किलोमीटर. गाडी सहा वर्षांची. आप्पांनी ब्रेकच्या पेडलचं रबर चाचपलं. ते घासून गुळगुळीत झालं होतं.

"सीझनला माल वाशीला टाकता ना?"

"हो, रोज रात्री."

"जाऊन-येऊन तीनशे तर होतात. सीझनच्या शंभर खेपा धरल्या तर तीस हजार. अडुसष्ट हजार दोन-सव्वादोन सीझनमध्ये संपले. मग उरलेली चार वर्षं गाडी काय देव्हाऱ्यात ठेवली होती?"

मालकाने सांगितलं की मधे भाव पडले होते. टोमॅटोच्या बाबतीत हे उत्तर कधीच खोटं ठरत नाही, त्यामुळे आप्पांनाही ते मान्य करावं लागलं.

यानंतर ते पोतं अंथरून गाडीखाली गेले. बाहेर फक्त कोल्हापुरी चपला दिसत होत्या आणि आतून आवाज येत होता. मागचे पाटे मोजले तर एक जादा निघाला. आप्पांच्या लेखी ही कबुलीच. कंपनीने सतराशे किलो सांगितले, म्हणजे वीस किलोचे पंच्याऐंशी कॅरेट, तेही कॅरेटचं स्वतःचं वजन सोडून. पण पंच्याऐंशी कॅरेट भरून निघालेली पिकअप आमच्याकडे रिकामी समजतात. दीडशेच्या आत फाळका लावला तर मालक हळवा आहे म्हणतात. तेवढं लादल्यावर पाटे सपाट होतात, मग लोक एक पाटा वाढवतात, आणि पाटा वाढवला म्हणून अजून वीस कॅरेट चढवतात. त्या चढाओढीत पाटा जिंकतो आणि चेसीस हरते. म्हणून आप्पा चेसीसवर टॉर्च मारून वेल्डिंगची रेघ शोधतात. इथे ती नव्हती. पण गाडीखालून बाहेर न येताच त्यांनी विचारलं, "टोचन कोणाला लावत होता?"

टोचनाचं त्यांचं निदान ऐकण्यासारखं आहे. पुढचा हूक घासलेला असेल तर ही गाडी लोकांनी ओढली, मागचा घासलेला असेल तर हिने लोकांना ओढलं. पहिली दुखणाईत, दुसरी परोपकारी. घ्यायची झाली तर दुसरीही विचार करून घ्यायची, कारण परोपकार क्राऊन-पिनियनला सोसत नाही. या गाडीचे दोन्ही हूक घासलेले होते. "म्हणजे समाजात मिसळून राहणारी दिसतेय," आप्पा म्हणाले.

पुतण्याचा जीव नेमका याच हुकात अडकला होता. माल वाहायचाच, पण रानात पाण्याची टाकी असलेली छोटी ट्रॉलीही याच गाडीने ओढायची, ट्रॅक्टर घ्यायचा खर्च वाचवायचा, असा त्याचा बेत. आप्पांनी त्याला तिथेच बांधावर उभा करून शिकवणी घेतली. पिकअपला ओढ आहे ती मागच्या दोन चाकांची. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका, आणि काळ्या रानात ओल असली की चाकं जागच्या जागी फिरतात, ट्रॉली तिथंच. हौद्यात वजन टाकलं तर चाकं धरतात, पण मग क्लचवर येतं, आणि क्लचचा गणपती तर आपण आत्ताच मोजला. ओढून नेणं एकवेळ जमेल, पण उतारावर भरलेली टाकी मागून ढकलायला लागली की थांबवायचं कोणी? ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर गाडीचे ब्रेक दोघांसाठी झिजतात. आणि रस्त्यावर काढायची तर ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते. "ट्रॅक्टरचं काम ट्रॅक्टरलाच करू दे. पिकअपला माणसात राहू दे." पुतण्या हो म्हणाला. घरी आल्यावर त्याने टाकीची मापं घेतली.

गाडीचं पासिंग एमएच १४, म्हणजे इथलंच. तरीही आप्पांनी दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्टीवर टॉर्च मारला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं, तेव्हापासून त्यांनी ही तपासणी वाढवली आहे. पुरातून निघालेली गाडी धुतात, सीट बदलतात, अत्तर मारतात. पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाला लागलेला गाळ धुवायचं कोणाला सुचत नाही.

"अहो, गाडी इथलीच आहे!" मालक वैतागला.

"गाडी इथली असेल. पाणी कुठलंही असतं."

कागद मात्र आप्पा चष्मा न लावता बघतात, म्हणजे बघत नाहीत, पुतण्याकडून वाचून घेतात. कर्जाचा बोजा उतरल्याची फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, थकलेली ई-चलनं. फिटनेसवर त्यांचा जोर: मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. सहा वर्षांच्या गाडीला दोनच वर्षं सवलतीची उरली, हा मुद्दा त्यांनी मालकाच्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने मांडला. चेसीस नंबर तपासायची रीत मात्र डोळे भरून बघावी. विडीच्या बंडलाचा कागद नंबरावर धरतात, त्यावर पेन्सिल आडवी घासतात, उमटलेली अक्षरं आरसी बुकाशेजारी धरतात आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणायला लावतात. तेवढा वेळ अंगणात कोणी खोकतही नाही.

मग ओट्यावर सौदा. मागणी पावणेपाच लाखांची. आप्पांनी एकेक वजावट सुरू केली: टायर चारही रिमोल्डचे, बॅटरी शेवटच्या घटकेला, क्लचप्लेट, डाव्या दाराला पुट्टी (तिथं लोहचुंबक चिकटलं नव्हतं), दोन्ही हूक. त्यांच्या हिशोबाने शेवटी गाडीवाल्यानेच आम्हाला वर काहीतरी द्यायला हवं होतं. मालक घामाघूम झाला, पुतण्या खुलला, आणि आकडा चार-तीसवर आला तसे आप्पा उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण आपल्याला नको."

ही त्यांची रीत आहे. आप्पांनी एखाद्या गाडीला हो म्हटल्याचं गावात कोणाला आठवत नाही. माझा आपला अंदाज असा, की यातच त्यांची सगळी प्रतिष्ठा आहे: नाही म्हटलेली गाडी कधी बंद पडत नाही. घेतलीच आणि चालली, तर घेणाऱ्याचं नशीब, बंद पडली, तर "मी सांगितलं होतं." लोकही त्यांना होकारासाठी नेत नाहीत. गाडीसाठी बायकोचे दागिने सोसायटीत नाहीतर सोनाराकडे गेलेले असतात, रात्रीची झोप उडालेली असते, आणि अशा वेळी मनातली भीती कोणीतरी मोठ्याने, मालकाच्या तोंडावर बोलून दाखवावी लागते. वर चाळीस-पन्नास हजार कमी होतात ते वेगळेच. नकार ऐकायचा आणि गाडी घ्यायची, असा रिवाज आहे.

पुतण्याने घेतली. चार-तीसलाच. फाट्यावरच्या मिसळीला आप्पा रुसलेले होते, पण तर्री त्यांनी दोनदा मागवली.

गुरुवारी गाडी ओझरच्या विघ्नहराला नेली. केबिनमध्ये पुतण्याशेजारी, खिडकीला आप्पा. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू लागलं. पार्किंगमध्ये शेजारी मंचरकडचा एक जण उभा होता. तो गाडीभोवती फिरला, वाकून मागे बघितलं आणि म्हणाला, "पाटा जादा टाकलाय वाटतं?"

"टाकलाय ना," आप्पा खिडकीतून म्हणाले. "आधीच्या मालकाने गाडीवर पोटच्या पोरासारखा खर्च केलाय. दोन्ही हूक बघा, काय काम केलंय गाडीने! आणि हात लावू नका, पाव्हणं. मी स्वतः बघून घेतलीय."