पाहुण्यास वाळवंट दाखविण्याची रीत : पैठण परिसर

मराठीत वाळवंट या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उंटांचे, जे राजस्थानात असते आणि पाहुण्याने मोबाइलवर पाहिलेले असते. दुसरे नदीच्या पात्रातले, जिथे कीर्तन रंगते, जत्रेत राहुट्या पडतात आणि उन्हाळ्यात टरबुजाचे वेल पसरतात. पंढरपूरला ते चंद्रभागेचे, पैठणला गोदावरीचे. वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला भूगोलात वाळवंट म्हणतात. पैठणच्या पावसाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे पहिल्या अर्थाने हा तालुका अपात्र ठरतो. तथापि मे महिन्यात उतरलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ‘इथे बघण्यासारखे काय आहे?’ असे विचारतोच. अशा वेळी यजमानाने दुसऱ्या अर्थाचा आधार घ्यावा.

मार्ग ठरवण्यापूर्वी पाहुण्याची जात ओळखावी. येथे जात म्हणजे नात्याची. जावई हा सर्वांत नाजूक प्रकार होय. तो एरवी दिवाळीत येतो, म्हणजे नदीला पाणी असताना. परंतु अधिक महिना उन्हाळ्यात आला की धोंडे खाण्यासाठी त्याला भर उन्हात यावे लागते. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा पडतो. वाळवंटदर्शनासाठी याहून चांगला मुहूर्त पंचांगात शोधूनही सापडणार नाही. व्याही असतील तर रस्ता खराब आहे असे यजमानाने स्वतःहून म्हणू नये. ते काम त्यांच्यासाठी राखून ठेवावे. पुण्याचे काका असतील तर प्रत्येक ठिकाणी ‘आमच्याकडे खडकवासल्याला…’ असे ऐकण्याची तयारी ठेवावी. अमेरिकेतला पुतण्या सर्वांत सोपा. त्याला सगळे ॲरिझोनासारखे दिसते आणि तो त्यावर समाधानी असतो. छत्रपती संभाजीनगरहून आलेला पाहुणा मात्र जायकवाडी धरणाकडे नेऊ नये. त्या शहराचे पिण्याचे पाणी याच धरणातून जाते आणि नळाला काही दिवसांआड येते. त्यामुळे तो जलाशयाकडे पर्यटकाच्या नव्हे, ग्राहकाच्या नजरेने पाहतो.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठरवावी, म्हणजे साडेनऊपर्यंत निघणे होते. चहा, दुसरा चहा, पाहुण्याची आंघोळ, आजींची औषधे आणि ‘मी येत नाही, तुम्ही जाऊन या’ असे तीनदा म्हणून अखेर सर्वांआधी गाडीत बसलेली आत्या, एवढ्यासाठी ही तजवीज असते. पुढच्या सीटवर वयाने नव्हे तर मानाने मोठा असलेला बसतो. वयाने मोठे असलेले मागे मधोमध, पाय आखडून बसतात. गाडी रात्री लिंबाखाली लावली असली तरी नऊनंतर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. त्यावर पंचा टाकावा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, अशी समजूत आहे. ती खरी की खोटी या वादात पडू नये. कांदा दुपारी पिठल्याबरोबर फोडता येतो. पाण्याचा वीस लिटरचा जार सोबत घ्यावा आणि त्याचे झाकण घट्ट आहे याची खात्री पाहुण्याच्या पायांशी तो ठेवण्यापूर्वी करावी.

पहिला टप्पा जायकवाडी धरणाचा. धरण पैठणला असून त्याचे नाव जायकवाडी का, हा प्रश्न पाहुणा हमखास विचारतो. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. धरण पैठणला सरकले, नाव मात्र कागदावरून हलले नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मातीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. भिंतीवर जायला परवानगी लागते, आणि ‘आपली ओळख आहे’ असे प्रत्येक यजमान सांगतो. ओळखीचा माणूस फोन उचलत नाही, हा या सहलीचा ठरलेला भाग समजावा. त्या वेळेत पाहुण्याला खालूनच दरवाजे मोजायला लावावेत. ते सत्तावीस आहेत. बहुतेक पाहुण्यांचे उत्तर पंचवीस किंवा एकोणतीस येते आणि पुन्हा मोजण्यात चांगला पाऊण तास जातो.

भिंतीमागे नाथसागर. भरल्यावर तो पंचावन्न किलोमीटर लांब आणि रुंद असेल तिथे सत्तावीस किलोमीटर पसरतो. समोरचा काठ दिसत नाही. पाहुण्याने ‘अगदी समुद्र!’ म्हणायचे ते ऑक्टोबरात. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला २६ मृतसाठा. मृतसाठा हा शब्द प्रथम ऐकणारा पाहुणा गंभीर होतो. त्याला समजावून सांगावे की हे पाणी मेलेले नसते, कालव्यात चढत नाही इतकेच. जलाशय उथळ आणि पसरट असल्यामुळे मे महिन्यात तो एकीकडून पिण्याला जातो आणि दुसरीकडून उन्हाला. वर नाशिक-अहिल्यानगरची धरणे आधी भरायची की खाली पाणी सोडायचे, यावर दरवर्षी ऑक्टोबरात बैठका, याचिका आणि रास्ता रोको होतात. गाडीत नगरकडचा सोयरा असेल तर यजमानाने हा विषय काढू नये. काढल्यास सहल तिथेच संपते आणि परतीचा प्रवास दोन गाड्यांतून होतो.

दुसरा टप्पा हा या सहलीचा गाभा. पाणी ओसरले की काठ आत आत सरकतो आणि मैल-मैल गाळाची जमीन उघडी पडते. डांबरी रस्ता सोडून गाडी तिथे नेऊ नये, असे या मार्गदर्शिकेचे स्पष्ट मत आहे. तरीही प्रत्येक यजमान नेतो, कारण त्याच्या मते वरचा पापुद्रा वाळलेला असतो. वरचा वाळलेलाच असतो. गाडी अडकल्यावर काढायला जो ट्रॅक्टर येतो, त्याचा मालक पैसे आधी ठरवत नाही, त्यावरून काय ते ओळखावे. उतरून चालणे उत्तम. पायाखाली भेगाळलेल्या मातीचे पाच-सहा कोनी तुकडे असतात. एखाद्याची कड बोटाने उचलली तर खापरासारखी निघते आणि खालून ओलसर, गार, चिखलाचा वास येतो. मध्ये शिंपल्यांचे ढीग, कोळ्याच्या फाटक्या जाळ्याचा निळा धागा, उलटी पडलेली थर्माकोलची होडी. कुठे जोत्याचे दगड एका रेषेत दिसतात, कुठे पायऱ्या. धरणात शंभराहून अधिक गावे गेली. दुष्काळी वर्षी त्यांतली काही अशी डोके वर काढतात आणि तिथली म्हातारी माणसे नातवंडांना हात धरून आणतात: हा आपला वाडा, ही गोठ्याची गव्हाण. पाहुण्याने येथे सेल्फी काढावी की नाही याबाबत नियम नाही. तो काढतोच.

या गाळात पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. तेव्हा भेगाळलेल्या जमिनीच्या मधोमध अचानक हिरवा चौकोन दिसला तर ते मृगजळ असल्याचे पाहुण्यास सांगू नये, तो जाऊन खात्री करतो आणि शेतकरी हाक मारतो. पक्ष्यांसाठी थंडीतच यावे. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. मे महिन्यात बगळे, टिटवी आणि यजमानाचे जुने फोटो एवढ्यावर भागवावे लागते.

तिसरा टप्पा म्हणजे खऱ्या अर्थाने वाळवंट : धरणाखालचे, संत एकनाथांच्या समाधीजवळचे, नागघाटाजवळचे. येथे एक अडचण उद्भवते. खाली आपेगाव आणि हिरडपुरीला बंधारे आहेत. त्यांत पाणी अडवलेले असेल तर ते मागे साठते आणि वाळवंट दिसत नाही. पाण्यामुळे सहल रद्द होण्याचा प्रसंग मराठवाड्यात अन्यत्र येत नाही. त्याबद्दल पाहुण्याची माफी मागू नये. पाणी नसेल तर वाळू दिसायला हवी, पण तीही जागोजाग नसते. ती कुठे गेली हे रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या झाकलेल्या टिप्परकडे पाहून समजते. पाहुण्याच्या नव्या बंगल्याचे बांधकाम चालू असल्यास हा तपशील वगळावा.

ज्या वाळूत पाहुणा चपला काढून दोन पावले टाकतो आणि उडी मारून परत चपलांवर येतो, तिच्यातच एकनाथांची एक कथा घडते. तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्य समाजातले मूल नाथांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचवले. दुसरी कथा काशीहून रामेश्वराला नेत असलेल्या कावडीची. वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला नाथांनी ते पाणी पाजले. पाहुण्याने या दोन कथा शाळेत ऐकलेल्या असतात आणि त्या थंडगार वर्गात ऐकलेल्या असतात. दुपारी एक वाजता, चटका तळपायाला असताना, त्या पुन्हा सांगाव्यात. दोन मिनिटे तरी कोणी बोलत नाही. नंतर पुण्याचे काका खडकवासल्याविषयी बोलू लागतात.

गावातल्या नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्या नावाने राहिलेल्या श्रीकृष्णाने तो कावडीने पाणी आणून भरला अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि नाथषष्ठीपर्यंत तो भरत राहतात. आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांपैकी एक दाराशी असताना गावाचा सर्वांत प्रसिद्ध पाणीसाठा अजून रांजणच आहे, हे बारकाईने पाहणाऱ्या पाहुण्याच्या लक्षात येते. नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याचे सांगतात. येथे पाहुण्यांपैकी कुणीतरी घरातल्या एखाद्या माणसाचे नाव घेऊन विनोद करतोच. तो सर्वांनी ऐकलेला असल्याने हसून पुढे निघावे.

ज्ञानेश्वर उद्यान, वस्तुसंग्रहालय आणि आपेगाव ही ठिकाणे वेळ उरल्यास. पैठणी केंद्र मात्र मार्गातून वगळावे, विशेषतः गाडीत स्त्रिया असताना आणि यजमानाच्या खिशात कार्ड असताना. वगळणे अशक्य झाल्यास मागावर बसलेल्या कारागिराजवळ पुरुषांनी उभे राहावे. तो पदरातला मोर एकेक रेशमी धागा हाताने घालून विणतो. तासाभरात वीतभरही पुढे सरकत नाही. किंमत ऐकण्यापूर्वी हे पाहिलेले असले की आवाज आपोआप खाली येतो.

परतताना रसवंतीवर थांबणे बंधनकारक आहे. चरकाला बांधलेली घुंगरे वाजतात, आल्याचा तुकडा उसाबरोबर जातो, पितळी तपेल्यात फेस येतो. परदेशी पाहुण्याने ‘बर्फ नको’ म्हणावे, बाकीच्यांनी त्याच्याकडे दयेने पाहावे. पैसे देण्यासाठी पाहुणा आणि यजमान यांच्यात होणारी झटापट पाच मिनिटांहून अधिक लांबवू नये. मालक दोघांचेही घेऊ शकतो.

ही सहल मार्च ते मृगाच्या पावसापर्यंत करता येते. पुढे नाशिककडे जोराचा पाऊस झाला की पाणी खाली येते, आणि धरण भरलेले असेल तर दरवाजे उघडतात. ऑगस्ट २००६ मध्ये असा विसर्ग झाला तेव्हा पाणी वाळवंटावर न थांबता पैठण शहरात शिरले होते. तेव्हा पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्याने निघण्यापूर्वी धरणाची टक्केवारी विचारून घ्यावी. ती पैठणात कोणीही तोंडपाठ सांगतो.