जंगलातली मंडई

इटलीत जंगलातली अळंबी वेचायलाही पावती फाडावी लागते हे कळलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पार्माहून ला स्पेत्सियाकडे जाणारी गाडी तारो नदीचा काठ धरून डोंगरात घुसते आणि बोर्गो व्हाल दि तारो या गावी थांबते. सप्टेंबरात हे गाव दुसऱ्या कशावर बोलतच नाही. इथल्या अळंबीला 1996 साली युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गावाच्या चेहऱ्यावर नाशिकच्या द्राक्षबागायतदाराचा रुबाब आहे. पावती बारमध्ये, कॉफीच्या कपाशेजारी मिळते. मी नुसता बघणारच होतो, म्हणून सौ.च्या नावाने एकच घेतली. उगाच दोन कशाला?

पावतीमागचे नियम सोबतच्या भाच्याने वाचून दाखवले. 1993 सालचा कायदा आहे. माणशी दिवसाला 3 किलोच्या वर काढायची नाहीत. दाताळ्याने जमीन खरवडायची नाही. आणि प्लास्टिकची पिशवी बाद. हवा खेळती राहील, चालता चालता बीजाणू खाली सांडतील, अशी टोपलीच हवी. सौ.ने पुण्याहून घडी करून आणलेली पिशवी गाडीतच राहिली. त्याचं तिला दिवसभर वाईट वाटत होतं.

वाट दाखवायला भाच्याची घरमालकीण होती. सगळे तिला नोना म्हणतात, म्हणजे आजी. ती इटालियनमध्ये बोलायची, सौ. मराठीत, दोघींचं कुठेही अडलं नाही. दुभाषाची गरज फक्त मला पडत होती.

मी सचित्र पुस्तक वाचून गेलो होतो. रंग, उंची, टोपीचा व्यास, सगळं तोंडपाठ. नोनाने पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. चेस्टनटखालचा पाला काठीने हलकेच सारून तिने तपकिरी टोपीची एक गुबगुबीत अळंबी काढली आणि पहिलं काम काय केलं, तर ती उलटी केली. छत्रीखाली पापुद्रे दिसले, तर तिच्या लेखी विषय संपला. स्पंजासारखी बारीक भोकं दिसली, तर पुढची चौकशी. पापुद्रेवाल्यांतही खाण्याजोग्या आहेत; पण त्यांतच ती हिरवट टोपीची जीवघेणी बयाही आहे. तिची खोड अशी, की खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. तोवर पाहुणे यजमानीणबाईंच्या हाताची तारीफ करून घरी गेलेले असतात आणि विष यकृताच्या मागे लागलेलं असतं.

उलटी करून झाल्यावर नोनाने दांडा दाबला, बुडाशी कीड आहे का पाहिलं, वास घेतला. सौ.चे डोळे चमकले. गेली कित्येक वर्षं मंडईत वांगी घेताना ती हेच करत आली आहे आणि मी चार पावलं मागे उभा राहून ओळख नसल्यासारखं दाखवत आलो आहे. इथे त्यालाच शास्त्र म्हणत होते. तिने पदर खोचला आणि ती उतारावर दिसेनाशी झाली.

मला मात्र जंगल पटेना. एक अळंबी नोनाने उभी चिरली, तर पिवळाधमक गर डोळ्यांदेखत शाईसारखा निळा झाला. मी दोन पावलं मागे सरलो. नोनाने ती टोपलीत टाकली. हवा लागली की तसं होतं, नीट शिजवली की चालते म्हणे. पुढची अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी होती. ती नोनाने फेकली. दांड्यावरची जाळी पांढरी असेल तर उत्तम, गडद असेल आणि खालची भोकं गुलाबी पडली असतील तर ती कडू बहीण. एकच पडली तरी पातेलंभर रिसोत्तो वाया. शंका आलीच, तर कणभर जिभेला लावून थुंकायचं. पण तेही आधी खाली भोकंच आहेत याची खात्री झाल्यावर. देखणेपणाला इथे शून्य गुण आहेत, हे मला व्यक्तिशः अन्यायाचं वाटलं.

परतताना नोना आम्हाला सरकारी आरोग्य कचेरीत घेऊन गेली. टोपली घेऊन जा, अळंबीतज्ज्ञ फुकट तपासून देतो, अशी त्याच कायद्याने केलेली सोय आहे. आमच्या पुढे एक सूटबूटवाले गृहस्थ होते. त्यांच्या टोपलीत गोरी टोपी, खाली लालभडक भोकं, फुगीर दांडा असा ऐवज होता. नाव सैतान, आणि गुणही तसेच. ओकून ओकून माणूस आडवा होतो. अळंबीतज्ज्ञ साहेबाने ती जप्त केली. गृहस्थ हातवारे करत भांडू लागले. सौ. म्हणाली, “एवढी लाल दिसते, तरी उलटून बघितली नाही यांनी? ह्यांना घरी भाजी आणायला पाठवत नसणार.”

मग आमची पाळी. साहेबाने एकेक अळंबी उलटी केली, दाबली, हुंगली. दोन किडक्या काढल्या. सौ.ने मान डोलावली. त्या तिने मुद्दामच तळाशी ठेवल्या होत्या, माणसाची पारख करायला. शेवटी दाखल्यावर वजन लिहायचं म्हणून त्याने टोपली काट्यावर ठेवली. काटा 3 किलोच्या पुढे सरकला. साहेबाने पावतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहू लागलो.

“अहो, गप्प काय उभे राहिलात,” सौ. म्हणाली, “टोपलीचं वजन वजा करायला सांगा त्यांना!”