ब्रीफ कसं घ्यावं : पवनार पद्धत

काम देणाऱ्याला काय हवं ते ठाऊक नसतं, हे नवोदित चित्रकाराने आधीच गृहीत धरावं. काय नको, ते मात्र त्याला तिसऱ्या करेक्शननंतर लख्ख दिसू लागतं. त्यामुळे 'काहीतरी छान, आपल्या मातीतलं, पण मॉडर्न' असं फोनवर ऐकू आलं तर घाबरू नये. हो म्हणावं, फोन ठेवावा आणि पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात जावं. चांगल्या ब्रीफचं काय होतं, ते तिथे दगडात बघायला मिळतं.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचनं देत होते, साने गुरुजी उतरवून घेत होते. बाराव्या अध्यायात राम-भरत भेटीचा विषय निघाला आणि हे चित्र कुणी काढलं तर काय बहार होईल, असं विनोबा बोलून गेले. अट एकच. एक वनात राहिलेला, दुसरा अयोध्येत. पण तपाने दोघे असे सारखे झालेले की राम कोण नि भरत कोण, बघणाऱ्याला कळू नये. आता हे ब्रीफ नीट तपासा. मागे सूर्योदय घ्या, असं नाही. भरताचा चेहरा जरा पॉझिटिव्ह करा, असंही नाही. अवघड काय आहे तेवढं सांगितलं आणि गप्प बसले. असा क्लायंट मिळाला तर त्याच्या पाया पडावं.

१९३८ मध्ये प्रकृती ढासळलेले विनोबा पवनारला जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. रोज थोडं थोडं शेत खणू लागले. खणताना एक शिळा लागली, तिच्यावर भरतभेट कोरलेली. वाकाटकांच्या काळातली! म्हणजे ऑर्डर यायच्या आधी सुमारे दीड हजार वर्षं माल तयार. मुदतीआधी काम देण्याचा हा विक्रम आमच्या धंद्यात अबाधित आहे.

यातून सवयींचा धडा घ्यावा. सुचण्याची वाट बघू नये, रोज खणावं. पिंटरेस्ट उघडून बसणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात कुदळ मारणं. तिथे निघेल ते त्याचंच.

क्लायंट स्वतः लेखक असेल तर विशेष जपावं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे आपलं पवनार, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि इथल्या शिल्पांत रामायणातले प्रसंगही त्यांनीच ओळखले. याच राजाच्या नावावर 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य आहे. लंकेच्या पुलावर अख्खं काव्य रचणारा माणूस छिन्नीवाल्यामागे उभा राहून 'माझ्या मनातले वानर जरा वेगळे होते' असं म्हणाला नसेल, यावर माझा विश्वास नाही. उपाय : रफ दाखवू नये. शक्य तर दगडात काम करावं, करेक्शन आपोआप कमी होतात.

उरला 'बजेट नाही' म्हणणारा. १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोसांना सांगितलं की गावात मिळेल त्याच सामानात सगळं उभारा. बोसांनी बांबूवर भागवलं. १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनाला त्यांनी गावच्या माणसांची, त्यांच्या कामाधंद्याची पोस्टर्स काढली, ती आज कलेच्या इतिहासात आहेत. म्हणून स्वस्तात काम करावं का? आधी सेवाग्रामला जाऊन बापूकुटी बघावी, मग क्लायंटची गाडी बघावी. दोन्हींचा मेळ बसला तरच सूट द्यावी.

शेवटची सूचना पैशांची. प्रवरसेनाचं नाव ताम्रपटांवर आहे, विनोबांचं 'गीता प्रवचने'वर. भरतभेट ज्याने कोरली त्याचं नाव कुणालाही ठाऊक नाही. तेव्हा सही ठळक करा आणि निम्मे पैसे आधी घ्या.